बोट ठेवायला जागा

एखाद्याच्या कामात खोट निघाली नाही की आपण म्हणतो, बोट ठेवायला जागा नाही. मिनेसोटात हेच वाक्य ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऐकू येतं, फक्त म्हणणारा माणूस रडकुंडीला आलेला असतो. अशा माणसांची संख्या वाढावी, म्हणजे मला सोबत होईल, या हेतूने ही मार्गदर्शिका लिहीत आहे. या विषयात मी सहा हिवाळे काढले आहेत. उन्हाळे किती काढले ते विचारू नका. मोजायला बसावं एवढे ते टिकत नाहीत.

मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. पोहता यायलाच हवं असं नाही. बोट चालवण्याशी हिचा फारसा संबंध नाही. बोट न चालवण्याशी आहे. इथे वर्षातले सात महिने तुम्ही ती चालवत नाही, आणि पैसे त्याचेच पडतात.

पायरी पहिली: बोट घ्या

ही पायरी वगळली तर पुढच्या सगळ्या आपोआप गळतात आणि चार पैसे गाठीला राहतात. पण मिनेसोटात राहून ती वगळणं सोपं नाही. गाडीच्या नंबर प्लेटवरच ‘१०,००० तळी’ असं छापलेलं असतं, आणि तोही आकडा विनयाने कमी करून सांगितलेला. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. पाण्यावर काही ना काही तरंगत ठेवायची या लोकांची हौस जुनी आहे. १९२२ साली लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने पायाला फळ्या बांधल्या, बोटीमागे स्वतःला ओढून घेतलं आणि वॉटर स्कीइंग नावाचा खेळ जन्माला घातला. १९५१ च्या सुमारास रिचमंड गावच्या अँब्रोज वीअर्सने लोखंडी पिंपं जोडून त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या. तीच पुढे पॉन्टून बोट झाली. म्हणजे बसायच्या ओसरीलाच त्याने पाण्यात ढकललं.

अशा राज्यात सोमवारी सकाळी ऑफिसात जो तो शनिवार-रविवार ‘लेकवर’ होता. मी घरी लॉन कापत होतो. असं तीन उन्हाळे चाललं. मग एका ऑक्टोबरात साडेसहा हजार डॉलरला एकोणीस फुटी जुनी बोट मिळाली. इंजिन पोटात, पंखा बाहेर, ट्रेलर फुकट. ऑक्टोबरात बोट इतकी स्वस्त का मिळते हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. विकणाऱ्या गृहस्थाने चावी देताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता.

पायरी दुसरी: कालनिर्णय काढा

आपल्याकडे देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात. चार महिने. इथली बोट दसऱ्याला झोपते आणि अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे उठते. सात महिने. देवांची झोप फुकट असते, बोटीची फुटाच्या भावाने.

नवशिक्या इथे एक शंका काढतो. मिनिआपोलिसच्या पश्चिमेचं मिनेटोंका तळं, साडेचौदा हजार एकरांचं, गोठतं साधारण डिसेंबरात. मोकळं होतं एप्रिलच्या मध्यावर. मग ऑक्टोबरातच ही लगबग कशाला? उत्तर असं, की तळं मोठं आहे, त्याला सावकाश गोठणं परवडतं. तुमच्या इंजिनात साचलेलं चार-पाच लिटर पाणी मात्र एक-दोन कडक रात्रींत गोठतं. आणि कडक रात्र कधी येईल ते इथे कुणी छातीठोक सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९९१ ला मुलं हॅलोवीनच्या पिशव्या घेऊन दारोदार फिरत असताना बर्फ सुरू झाला. तो थांबेपर्यंत मिनिआपोलिस-सेंट पॉलवर २८.४ इंच साचला होता. जुनी माणसं त्याही आधीची गोष्ट सांगतात. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ इतकी उबदार होती, की बदकांच्या शिकारीला लोक साध्या कपड्यांत मिसिसिपीच्या पात्रात होड्या घेऊन गेले. दुपारी वारा फिरला, तापमान कोसळलं, बर्फाचं वादळ आलं. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यात शिकारी पुष्कळ होते. म्हणून सप्टेंबर संपत आला की शेजारचे म्हातारेबुवा आपली होडी वर ओढायला धावतात, तेव्हा मी हसत नाही.

थोडक्यात, गणपती गेले की जागा शोधायला लागा.

पायरी तिसरी: फुटांचं गणित विसरा

जाहिरातीत, कागदपत्रांवर आणि कडेला चिकटवलेल्या चकचकीत आकड्यांत माझी बोट एकोणीस फूट आहे. ठेवायला नेली की ती वाढते. मागची पोहायला उतरायची फळी धरतात. त्या फळीच्याही मागे आलेला पंखा धरतात. ट्रेलरवर असेल तर ट्रेलरची दांडी धरतात. भाडं ठरताना माझी बोट पंचवीस फूट भरली. लग्न जमवताना मुलाची उंची वाढते हे ठाऊक होतं. इथे वाढलेल्या प्रत्येक इंचाचे पैसे आपण मोजायचे असतात.

ठेवायच्या तऱ्हा मुख्यतः तीन. उघड्यावर, म्हणजे कुंपण घातलेल्या मैदानात, प्लास्टिकात गुंडाळून. थंड शेडमध्ये, म्हणजे डोक्यावर पत्रा, पण आत बाहेरच्याइतकीच थंडी. आणि गरम गोदामात, जिथे सात महिने हीटर चालतो. तिसऱ्याचा भाव दुसऱ्याच्या दुपटीच्या घरात जातो. त्या गोदामातल्या बोटी ज्या उबेत झोपतात तेवढी ऊब मला विद्यार्थी असताना पहिल्या हिवाळ्यात मिळाली नव्हती. मी ते गोदाम एकदा नुसतं पाहून आलो. आत कुणीतरी हळू आवाजात रेडिओ लावून ठेवला होता. बोटींसाठी असावा.

घरी ठेवली तर? हाही नवशिक्याचाच प्रश्न. माझ्या गराजमध्ये दोन गाड्या बसतात असं घराच्या कागदावर म्हटलंय. प्रत्यक्षात एक गाडी, एक लॉनमोअर, दिवाळीच्या माळांची तीन खोकी आणि भारतातून आणलेलं पण कधीच न लावलेलं झोपाळ्याचं सामान बसतं. बोट दारात उभी केली. नवव्या दिवशी आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: ‘आपल्या दारात एक वस्तू आढळून आली आहे.’ जणू मला ती माहीतच नव्हती. वस्तू दहा दिवसांत हलवावी, अन्यथा दंड.

तेव्हा ज्ञान झालं, की या भागात शहाणी माणसं बोट जत्रेत ठेवतात. खरंच. काउंटी फेअर म्हणजे आपल्या तालुक्याची जत्राच समजा: उन्हाळ्यात चार-पाच दिवस गाईगुरांच्या स्पर्धा, पाळणे, तळलेलं खाणं. उरलेलं वर्षभर ती लांबच लांब पत्र्याची गोठेघरं रिकामी. म्हणून ऑक्टोबरात तिथे बोटी भरतात. माझ्या वाट्याला शेळ्यांचा गोठा आला. दारावर एक पोरगेलासा म्हातारा, कानाला पेन्सिल, हातात पिवळी टेप. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन तो मागे मागे चालत गेला, पंख्याच्या पात्यापर्यंत, मग पुन्हा पुढे येऊन ट्रेलरच्या दांडीपर्यंत, आणि वहीत २५ लिहून त्याने त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी म्हटलं, पंखा वर उचलला तर फूटभर कमी होईल. तो म्हणाला, उचललेला पंखा रात्री खाली येतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत भिंतीवर ऑगस्टमधल्या बक्षिसांच्या निळ्या फितीचा एक तुकडा अजून लटकत होता, आणि त्याच्याखाली माझी बोट, फुटाला तीस डॉलर दराने, पहिला नंबर न मिळालेल्या शेळीसारखी उभी राहिली.

जत्रेतल्या जागेची एक अट मात्र लक्षात ठेवा. बोटी आत एकामागे एक सरकवतात, अगदी शिंपीकाम केल्यासारख्या टाके घालून. जो आधी येतो तो सर्वांत आत जातो, आणि सर्वांत शेवटी बाहेर निघतो. मी पहिल्या वर्षी उत्साहाने पहिल्याच दिवशी गेलो होतो. मे महिन्यात लोक मासे धरत होते तेव्हा माझ्यापुढे अजून अकरा बोटी होत्या.

मिनेटोंकाच्या काठावर बंगले असलेल्या मंडळींचं वेगळं. त्यांच्यातले काही जण धक्क्याखाली पाण्यात मोटर लावून हिवाळाभर बुडबुडे सोडत बसतात, का, तर बर्फाने धक्क्याचे खांब उपटू नयेत. वर ‘पातळ बर्फ’ अशा पाट्या लावायच्या. म्हणजे तळं गोठू नये म्हणून विजेचं बिल भरायचं. त्यांच्याविषयी मला मत्सर वाटायचा तो ते बिल पाहिल्यावर गेला.

पायरी चौथी: इंजिनाला पाणी सोडायला लावा

आता मुख्य मुद्दा. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. हे आपण आठवीत शिकलो, बाटली फ्रीजरमध्ये ठेवून आईची बोलणीही खाल्ली. बोटीचं इंजिन ही ओतीव लोखंडाची बाटली आहे. माझ्यासारख्या बोटीत इंजिन थंड ठेवायला तळ्याचंच पाणी आत खेचलं जातं आणि पोकळ्यांतून फिरवून बाहेर सोडलं जातं. बोट पाण्याबाहेर काढली तरी त्या पोकळ्यांत पाणी राहतंच. बाहेर टांगलेली आउटबोर्ड मोटर असेल तर ती उभी ठेवली की पाणी आपसूक निथळतं; पोटात इंजिन असलेल्यांच्या नशिबी हे सुख नाही.

कारागीर हे काम सव्वाचारशे डॉलरमध्ये करतो. मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरचा असलो तरी इंजिनिअर आहे, असं मी पहिल्या वर्षी घरात मोठ्याने म्हणालो.

ते काम असं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली पितळी बुचं असतात. ती फिरवून काढायची की पाणी धारेने येतं. माझ्या डाव्या बाजूची धार छान आली. उजव्या बाजूने चार थेंब आले आणि थांबले. मला वाटलं, या बाजूला पाणी कमीच असणार. डावीकडून रिकामं झालं असेल तर उजवीकडचं त्याच्याबरोबर गेलं असेल, पाणी शेवटी आपली पातळी सांभाळतं, असं काहीसं मी स्वतःला समजावलं. बाहेर चार अंश होतं, हाताला बोटं असल्याची खात्री नव्हती, आणि आतून बायकोने भजी झाल्याचं सांगितलं होतं.

पाणी कमी नव्हतं. भोक गंजाने बुजलं होतं. तिथे एक जाड तार घालून चार वेळा खुडखुडायचं असतं. गंजाचा लगदा बाहेर येतो, मग धार लागते. हे एक वाक्य मला मे महिन्यात कारागिराने सांगितलं, आणि या मार्गदर्शिकेत खऱ्या उपयोगाचं वाक्य एवढंच आहे. तार घाला. धार आली नाही तर पाणी नाही असं समजू नका, भोक बंद आहे असं समजा.

वसंतात इंजिनाची तेलपट्टी बाहेर काढली तर तिला लागलेलं तेल दुधाळ होतं, आपण अमृततुल्यात मागतो तसल्या कडक चहाच्या रंगाचं, वर थोडा फेस. तेलात पाणी मिसळल्याची ही खूण. ब्लॉकच्या उजव्या अंगाला केसाएवढी चीर होती, वीतभर लांब. नखाने चाचपली तरच लागायची. जुनं पण चालू इंजिन बसवून घेतलं त्याचे ३,८०० झाले. वाचवलेले सव्वाचारशे त्यातून वजा करायचे की नाही याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

पाणी काढल्यावर वरून गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ ओततात. प्रोपीलीन ग्लायकॉलचं घ्या, हिरवं विषारी नको. ते शेवटी वसंतात तळ्यातच जातं. डब्यावर लिहिलेलं असतं: उणे ५० फॅरनहाइट. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. २ फेब्रुवारी १९९६ ला याच राज्यातल्या टॉवर गावी पारा उणे ६० पर्यंत उतरला होता, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ५१. डबा बनवणाऱ्यांनी टॉवरला जाऊन पाहिलेलं नसावं.

पंख्याच्या गिअरमधलं तेलही याच वेळी बदला. त्यात पाणी शिरलेलं असलं तर तेही गोठतं आणि तिथलं ओतीव घर फुटतं. तेल खाली उतरवताना रंग बघा. चहा दिसला तर खुर्ची घेऊन बसा.

पायरी पाचवी: बारीकसारीक

बॅटरी काढून घरात आणा. पूर्ण भरलेली असली तर इथल्या कुठल्याही थंडीत ती गोठत नाही. रिकामी असेल तर साधारण उणे सात सेल्सिअसला गोठून फुटते. इथे उणे सात म्हणजे जानेवारीत लोक जाकिटाची चेन उघडतात. आमची बॅटरी तळघरात लोणच्याच्या बरणीशेजारी असते. महिन्यातून एकदा तिला चार्जर लावायचा, हे मी विसरतो. दर दोन वर्षांनी नवी येते, १४० डॉलर.

पेट्रोलमध्ये इथे दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पडून राहिलं की पाण्यासकट खाली बसतं. नेमकं तिथेच, जिथून इंजिन ओढतं. म्हणून चौथ्या पायरीच्या आधीच टाकीत टिकाऊपणाचं औषध घालून इंजिन दहा मिनिटं चालवा. इथल्या काही पंपांवर इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळतं, ते बोटींना, जुन्या हौशी गाड्यांना आणि लॉनमोअरसारख्या लहान इंजिनांना विकायची परवानगी आहे. गॅलनमागे ते महाग पडतं. बोटीला ते आणि मला साधं, अशी आमच्याकडे विभागणी आहे.

उंदीर. इथे गणपतीच्या दिवसांत मंडळी मला हमखास विचारतात, ‘तुझी बोट आहे ना, विसर्जनाला घेऊ या का?’ तळ्यात विसर्जन नको म्हणून आम्ही मूर्ती बादलीत विसर्जित करतो. बाप्पा जातात, वाहन मात्र मागे राहतं आणि ऑक्टोबरात माझ्या बोटीच्या गाद्यांत शिरतं. उपाय पुष्कळ सांगतात: कपड्यांच्या ड्रायरमधले सुगंधी कागद, डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल. सुगंधी कागद मी वर्षभर भरवले. वसंतात पाहिलं तर उंदराने ते कुरतडून गादीतल्या स्पंजबरोबर घरट्याला वापरले होते. घरट्याला सुंदर वास येत होता. धुराड्याच्या नळीत भांड्यांची तारेची घासणी कोंबा. हा उपाय चालतो. पण वसंतात ती काढायची आठवण ठेवा.

गुंडाळायचं ठरवलं असेल तर श्रिंक-रॅप. पांढरं जाड प्लास्टिक बोटीवर ओढून गॅसच्या ज्योतीने तापवतात, ते आक्रसून अंगासरशी बसतं. काम बघायला मजा येते, बिल बघायला येत नाही. फुटाला वीस डॉलरच्या आसपास. मध्ये हवेची भोकं ठेवायला सांगा, नाही तर आत बुरशी धरते. वसंतात ते प्लास्टिक फाडून फेकायचं, पुढच्या वर्षी नवीन.

आणि बूच. बोटीच्या तळाशी मागे एक पाणी निचरायचं भोक असतं, त्याला अंगठ्याएवढं बूच. तळ्यातून बाहेर आलात की ते काढूनच रस्त्यावर जायचं, हा इथला कायदा आहे. कारण झेब्रा शिंपले. बोटाच्या पेराएवढे हे परके शिंपले बोटींच्या पोटातल्या पाण्यातून तळ्या-तळ्यांत पसरतात. मिनेटोंकात ते २०१० साली सापडले. धक्के आणि बोट उचलायची मचाणं एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायची तर आधी २१ दिवस कोरडी ठेवावी लागतात. तर बूच काढा, आणि हरवणार नाही अशा ठिकाणी ठेवा. आमचं स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या डबीत असतं.

मधली पायरी: बाबा येतात

माझे वडील हर्णैचे. एकदा ते परतायच्या आधी ऑक्टोबरात आम्ही बोट जत्रेत पोहोचवायला निघालो, तेव्हा ते बरोबर आले. पिवळी टेप, म्हातारा, वही, सगळं त्यांनी हात मागे बांधून पाहिलं. आमच्या गावी पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात. जून-जुलैत मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला नारळ दिला की पुन्हा समुद्र खुला. ओढायला वाडीतली माणसं येतात, त्यांना चहा द्यायचा. पुढच्या वर्षी त्यांची होडी ओढायला आपण जायचं.

‘किती घेतात?’ बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

‘महिन्याचे?’

‘मोसमाचे. साडेसातशे.’

त्यांनी रुपयांत हिशेब केला. हा नियम आधीच सांगायला हवा होता: रुपयांत हिशेब करू नका. डॉलरात दुखतं तेवढं पुरे. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. गाडी तळ्याकाठून जात होती, म्हणून मी विषय बदलायला म्हटलं, जानेवारीत या तळ्यावर लोक गाड्या घेऊन जातात. चार इंच स्वच्छ घट्ट बर्फ असला की माणूस चालू शकतो, नऊ-दहा इंचांवर लहान गाडी. मग बर्फाला भोक पाडून, वर खोपट टाकून, आत शेगडी पेटवून मासे धरत बसतात.

‘म्हणजे हिवाळ्यात तळ्यावर जायला बोट लागत नाही,’ बाबा म्हणाले.

‘नाही.’

‘आणि उन्हाळ्यात?’

‘उन्हाळ्यात लागते.’

‘किती वेळा गेलास यंदा?’

मी रेडिओ लावला.

पायरी सहावी: हिशेब, एकट्यानेच करा

बोटीला इंजिनाचे तास मोजणारं एक घड्याळ असतं. ते खोटं बोलत नाही हा त्याचा दोष. मागच्या उन्हाळ्यात ते एकवीस तास पुढे सरकलं, त्यात धक्क्याला लावताना झालेले चार प्रयत्नही आले. त्या मोसमाचे शेळ्यांच्या गोठ्याचे ७५०. इंजिनाची हिवाळी तयारी ४२५, आता कारागिराकडूनच. बॅटरी १४०. वसंतात पुन्हा जागं करणं, पाणी खेचणारं रबरी चक्र बदलणं वगैरे २६०. झाले १,५७५. एकवीसने भागा. तासाला पंचाहत्तर डॉलर, बोट उभी असण्याचे. पेट्रोल, विमा, नोंदणी आणि बायकोने बरोबर घेतलेले बटाटेवडे वेगळे.

तळ्याकाठी भाड्याने बोट मिळते. ती तासावर मिळते, कुणीतरी पुसून ठेवलेली असते, आणि परत करताना तिच्या इंजिनातल्या पाण्याचं काय होणार हा विचार आपल्या डोक्यात येत नाही. ज्याला निव्वळ पाण्यावर जायचंय त्याने तीच घ्यावी, हे माझं प्रामाणिक मत आहे. माझ्या ऑफिसातल्या दोघांना मी ते सांगितलं. दोघांनीही त्याच ऑक्टोबरात बोट घेतली. स्वस्त मिळाली म्हणे.

पायरी सातवी: पाण्यात सोडा

अखेर मे उजाडतो. अकरा बोटी आपापल्या मालकांबरोबर निघून जातात, पिवळ्या टेपवाला आपला ट्रेलर दाराशी आणून देतो. धुराड्यातली घासणी काढा. बॅटरी जोडा. गादीखाली कुणी राहत नाही ना ते बघा. मग रांगेत उभे राहा, कारण त्या शनिवारी साऱ्या राज्याने हेच ठरवलेलं असतं. तुमची पाळी आली की ट्रेलर उलटा पाण्यात घालायचा. मागचे दहा जण हाताची घडी घालून बघत असतात, मुलं ‘जाऊ या ना’ करत असतात, आणि बोट ट्रेलरवरून सुटून अलगद तरंगते. सात महिन्यांचं सगळं त्या क्षणी विसरायला होतं. मी तर इतकं विसरलो होतो, की पायाला गार लागलं तेव्हा मला वाटलं कुणी पाण्याची बाटली सांडली. घर बावीस मैलांवर होतं. वेलदोड्याची डबी घरी.

तेव्हा शेवटची सूचना, आणि ही तळ्यावर जाऊन नव्हे, घरातून निघायच्या आधी: बूच लावा.